तळ दिसतो ते पाणी

बाबा, फेरीचं बुकिंग मिळालं.

तुम्ही विचारलं होतंत आणि उत्तर ऐकायला थांबला नाहीत, म्हणून आधी तेच सांगते. चार जागा मिळाल्या होत्या, त्यातली एक मी परत केली. उरलेल्या तिघांना घेऊन ती फेरी परवा अंदमानातल्या नील बेटाच्या जेट्टीला लागली, आणि आत्ता मी इथल्याच एका घराच्या पडवीत बसून तुम्हाला लिहितेय. अजून सहा वाजायचेत आणि चक्क उजाडलंय. तिकडे पेणला आपल्या रामवाडीत अजून काळोख असेल. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, घड्याळ आपलंच पण सूर्य घाईत.

तुम्ही जाऊन अजून पाच आठवडेही झाले नाहीत. अशा वेळी सुनेने इतक्या आनंदात असावं का, ते मला कळत नाही. पण काल मी जे पाहिलं ते सांगायला तुमच्याशिवाय माणूस कुठून आणू? नीलेश तुमचा मुलगा असला तरी त्याला भरती-ओहोटीतलं काही कळत नाही. त्याला कंपनीची शिफ्ट कळते.

चाळीस वर्षं तुम्ही बार्जवर काढलीत. आधी खलाशी, मग तांडेल. बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या जहाजातला माल भरून घ्यायचा आणि भरती धरून धरमतरच्या खाडीत आत आणायचा. एवढ्या वर्षांत तुम्ही पाण्याचा एकच रंग पाहिलात, दूध घातलेल्या चहाचा. खाडीत हात बुडवला तर मनगटापुढची बोटं दिसत नाहीत, हे तुम्ही अभिमानानेच सांगायचात. "आपल्या पान्यात तळ बघायचा नसतो, वळखायचा असतो," असं म्हणायचात. आणि तो अभिमान माझ्या माहेरच्या दाऊदचाचांनी एका दुपारी मोडला.

रोह्याला माझ्या भावाच्या नव्या घराची पूजा होती. जेवणं झाल्यावर तुम्ही आणि शेजारचे दाऊदचाचा गॅलरीत खुर्च्या टाकून बसला होतात. चाचांनी तीस वर्षं आखातात काढलेली. ते सांगत होते, "तांडेल, तिथं बोटीतून नाणं टाका, तळाला जाऊन छापा पडला की काटा ते वरून सांगता येतं." तुम्ही मोठ्याने हसलात, म्हणालात, "चाचा, जेवन चढलं तुमाला." पण परत येताना एसटीत तुम्ही खिशातलं नाणं काढून उलटसुलट करत बसलात. नागोठणं गेल्यावर अचानक माझ्याकडे वळलात.

"मास्तरीन, तळ दिसनारं पानी आपल्या देशात कुठं हाय काय गो?"

मी चौथीला शिकवते, त्यामुळे तुम्ही मला पहिल्या दिवसापासून मास्तरीनच म्हणालात. माझं वैशाली हे नाव तुमच्या तोंडून मी लग्नात उखाण्याचा आग्रह करताना ऐकलं तेवढंच. घरी आल्यावर मी तुम्हाला भिंतीवरचा भारताचा नकाशा दाखवला आणि उजवीकडे खाली समुद्रात सांडल्यासारखे दिसणारे ठिपके दाखवले. मुलं नकाशा काढताना हे ठिपके नेहमी विसरतात आणि मी नेहमी एक गुण कापते. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून, नाक नकाशाला टेकवून ते ठिपके वाचलेत. त्यातलं नील हे नाव सापडल्यावर तुम्हाला कोण आनंद! "पोराच्या नावाचं बेट हाय! मग तितंच जायाचं."

तिथून आपला उद्योग सुरू झाला. त्या दोन वर्षांइतकी मजा मला माझ्या लग्नाच्या तयारीतही आली नव्हती, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी शाळेतून येऊन चहा टाकायची आणि तुम्ही फोन हातात घेऊन ओटीवर तयार. "आज वारा बघू. काल पाऊस झाला." महिनाभरात तुम्हाला त्या बेटाचं वर्ष पाठ झालं होतं. पाऊस केरळात येण्याआधीच तिथे उतरतो, म्हणजे मे महिन्यातली सुट्टी बाद. आपल्याकडचा पाऊस संपला की तिकडे दुसरा सुरू होतो, तो पार नोव्हेंबरभर रेंगाळतो. डिसेंबरात गर्दी. जानेवारीत उत्तरेचा वारा अधूनमधून पाणी ढवळतो. एप्रिलला समुद्र शांत, पण ऊन आईंना सोसायचं नाही.

"ऱ्हाता ऱ्हायला माघ," तुम्ही निकाल दिलात. "माघात दर्या झोपलेला असतो."

"बाबा, माघात माझी शाळा असते."

"शाळा काय पळून जाते? वारा पळतो."

मी ऐकलं नाही. मला रजेचा अर्ज करायची लाज वाटत होती, मोठ्या गुरुजींचं तोंड डोळ्यांपुढे येत होतं. दिवाळीची सुट्टी आयती मिळतेय तर ती घ्यावी, एवढाच माझा हिशेब. मी फोनवर कुणाकुणाचे दिवाळीतले फोटो तुम्हाला दाखवले, निळं आकाश, निळं पाणी. तुम्ही ते नीट पाहिलेत आणि म्हणालात, "ज्यांना पाऊस लागला ते फोटो टाकत नाय गो." तरीही मी अडून बसले. शेवटी तुम्ही म्हणालात, "बरं. तू म्हनशील तसं."

बाबा, हे तुमचं "तू म्हनशील तसं" मला अजून टोचतं.

दिवाळी आली. बॅगा भरल्या. तुम्ही पेणच्या बाजारातून गुडघ्यापर्यंतची, पोपट छापलेली चड्डी आणलीत आणि आईंना दिसू नये म्हणून माझ्या कपाटात ठेवलीत. निघायच्या आदल्या दिवशी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि फेऱ्या बंद झाल्याचा मेसेज आला. किती दिवस, ते कुणालाच माहीत नव्हतं. नीलेशने सगळं रद्द केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा. मला वाटलं, आता तुम्ही आत याल आणि म्हणाल, मी सांगत होतो. एकदा म्हणाला असतात तर मी रडून मोकळी झाले असते.

तुम्ही आलात ते ती पोपटाची चड्डी घालून. "चाललंय ना गो बरं?" असं विचारून ओटीवर जाऊन बसलात आणि अख्खी दिवाळी त्याच चड्डीवर काढलीत. फराळाला आलेल्या माणसांपुढेसुद्धा. आई चिडून लाल झाल्या होत्या. "म्हाताऱ्यानं पाय बघा कसे काढलेत! कावळे घाबरतील!" सगळं घर हसत होतं आणि मी हसता हसता तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही माझ्याकडे पाहायचं टाळत होतात. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही चार दिवस स्वतःचं हसं करून घेतलंत, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी माफी मागायला हवी होती. आज मागू, उद्या मागू करत राहिले. मग ती मागायची वेळच गेली, असं वाटायला लागलं.

त्यापुढच्या माघात नीलेशच्या कंपनीत मशिनी बंद ठेवून दुरुस्तीचं काम निघालं, कुणालाच रजा नव्हती. मग ठरलं की येता माघ. यंदाचा. या वेळी मी एका शब्दाने वाद घातला नाही, तुम्ही सांगाल ती तारीख. आणि तुम्ही तारीख सांगितली नाहीत, तिथी सांगितलीत.

"माघ वद्य अष्टमी. पुनवेला नको आनि आवसेलाबी नको. उधानाचं पानी जोरात जातं-येतं, तळ ढवळतं. अष्टमीला भांग असतो, भरती-ओहोटी कमी, पानी सुस्त. तळ बघायचा त भांगाला."

त्यानंतरचा आपला वाद आठवला की मला आत्ताही हसू येतं. तुमच्या खाडीचा नियम, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे अष्टमीला सहाला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. मी फोनवर नीलच्या वेळा काढल्या तर भरती चारनंतर आणि ओहोटी दहाच्या आसपास. तुम्ही भडकलात. "फोन खोटं बोलतो! चाळीस वर्षं मी पाऊनपटीवर बार्ज आनला, एक डाव चिखलात बसला नाय." मी म्हटलं, "बाबा, बेट पूर्वेला आहे." "असू दे! चंद्र एकच हाय ना?" आपण दोघं तीन दिवस एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलत होतो. चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर तुम्ही नकाशापुढे उभे. हातात शिवणाच्या डब्यातला टेप.

"मास्तरीन, इतून तितं केवडं लांब हाय बघ. चंद्र तितं आपल्या आदी पोचनार! म्हनून पानी आदी चढतं. आनि घड्याळ मात्र दोघांचं एक!" एवढं बोलून तुम्ही टेप गळ्यात अडकवलात आणि टाळी मागितलीत. हरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

रजेचा अर्ज मी खरा लिहिला. 'सासऱ्यांना समुद्राचा तळ दाखवायचा आहे.' गागोद्याच्या बाजूच्या आमच्या छोट्या शाळेत असा अर्ज कधी आला नसावा. मोठ्या गुरुजींनी तो दोनदा वाचला, पेन काढून त्यावर रेघ मारली, वर 'कौटुंबिक कारण' असं लिहिलं आणि सही केली. म्हणाले, "तळ दिसला की फोटो पाठवा." इतकं सोपं होतं, बाबा. मी याच्यासाठी दिवाळीचा हट्ट धरला होता.

चार तिकिटं काढायची की तीन, हा मात्र खरा प्रश्न होता. तुमची नात सई बारावीची परीक्षा म्हणून आत्याकडे राहणार होती. राहिले आपण तिघं आणि आई. आईंनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "त्या पान्यात मी पाय टाकनार नाय." त्यांचं कारण आम्हाला ठाऊक होतं. नीलेश लहान असताना एका श्रावणात तुमच्या बार्जचं इंजिन रेवसच्या बाहेर बंद पडलं होतं. दोन दिवस खबर नाही. आई पोराला कडेवर घेऊन दोन दिवस जेट्टीवर बसून होत्या. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, हसत, आणि विचारलंत, "भाजी काय केलीस?" तेव्हापासून आई कुठल्याच होडीत बसल्या नाहीत. रेवसला लाँचने जायचं तर त्या अलिबागवरून वळसा घालायच्या. "जलमभर त्या पान्यापाई तुमची वाट बघितली. आता म्हातारपनी त्याच पान्याचं कौतिक?" पण तिकिटं काढताना तुम्ही मला म्हणालात, "काढ गो तिचं पन. नाय आली त तिच्या जागेवर मी बॅग ठेवीन."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही एकदा नीट बोला ना त्यांच्याशी." तुम्ही म्हणालात, "बोलतंव." आणि महिनाभर बोलला नाहीत. निदान मला तसं वाटत होतं.

मग संक्रांतीच्या आधी ती दुपार. तुम्ही धरमतरला जेट्टीवर जाऊन आलात, रिक्षातून उतरलात आणि फाटकाला धरून उभे राहिलात. छातीत दुखतंय असंही म्हणाला नाहीत. "जरा घाम आला," म्हणालात. पेणच्या दवाखान्यात दोन दिवस. दुसऱ्या संध्याकाळी मला पाच मिनिटं आत सोडलं, तेव्हा तुमच्या नाकात नळी होती आणि तुम्ही मला खुणेने जवळ बोलावलंत. मला वाटलं, काहीतरी महत्त्वाचं सांगणार.

"फेरीचं बुकिंग उघडलं काय गो?"

"उद्या उघडणार आहे."

"डेकवर उभं ऱ्हाता येतं ती घे. काचेतली नको."

दुसऱ्या दिवशी अकराला बुकिंग उघडलं. तुम्ही सकाळी नऊला गेलात.

त्या रात्री मी फोनवर फेरीच्या चार जागा घेतल्या, तुम्ही सांगितल्या तशाच. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, त्यामुळे काही सुचायला वेळच नव्हता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे पांगले. नीलेश ओटीवर फोन घेऊन बसला आणि मला म्हणाला, "तिकिटं रद्द करून टाकतो." मी बोलणार काय? गेल्याच्या आधीच्या दिवाळीत रद्द झाली ती माझ्यामुळे. आता कुणासाठी जायचं?

आई आत भाकऱ्या थापत होत्या. हाताला पीठ तसंच ठेवून बाहेर आल्या.

"कोनाला इचारून रद्द करतंस रं?"

नीलेश म्हणाला, "आई, तू तर येणारच नव्हतीस."

"मी त्यांना व्हय म्हनलंय."

आई खाली बसल्या, पिठाचे हात मांडीवर उलटे ठेवून, आणि सांगितलं. तुम्ही दवाखान्यात जाण्याच्या तीन दिवस आधी मागच्या अंगणात त्या मासळी साफ करत होत्या. तुम्ही पाट घेऊन समोर बसलात. इकडचं तिकडचं काही बोलला नाहीत. म्हणालात, "तुना मी चाळीस वर्सं काठावर ठेवली. आता एक डाव माझ्यासंगं बस. सुकान दुसऱ्याच्या हातात आसंल. मना कायपन काम नाय. मी नुसता तुझ्या बाजूला बसनार." आईंनी आधी मासळी पूर्ण साफ केली. मग म्हणाल्या, व्हय. आणि वर दम भरला, "पोरांना सांगू नका आताच, चिडवत बसतील."

बाबा, मी तुमच्यावर इतकी चिडले! आणि इतकी सुखावले! वाऱ्याची दिशा बदलली तरी मला सांगायला धावणारे तुम्ही, आणि एवढी मोठी बातमी तीन दिवस पोटात ठेवलीत. फेरीचं बुकिंग विचारताना तुम्हाला माहीत होतं की चारही जागा भरणार आहेत. तुम्ही हरून गेला नाहीत. माझ्या मनावरचं केवढं तरी ओझं त्या एका वाक्याने उतरलं. सगळं नाही. पण पुष्कळ.

शेजारच्या काकू आल्या तेव्हा त्यांना आमच्या बॅगा दिसल्या. त्या म्हणाल्या, "अगो, लोक काय म्हनतील? वरीस तरी जाऊ द्यायचं." आईंनी त्यांना चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "वर्सानं माघ परत येईल. मी आसंन काय, ते कोन सांगनार?" काकू चहा पिऊन गेल्या. आणि दुसऱ्या दिवशी प्रवासाला म्हणून तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या बोरांचा डबा घेऊन आल्या.

फेरीत आई आत बसल्या नाहीत. डेकवर कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या, डोळे मिटून. पदर वाऱ्याने फडफडत होता. मी म्हटलं, "आई, आत चला." "त्यांनी डेकची जागा सांगितली होती ना? मग हितंच." अर्ध्या तासाने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग मला कोपराने ढोसलं, "ते काय गो?" पाण्यातून चंदेरी मासे उडत होते, पाखरांसारखे, लांबच्या लांब. नीलेश लहान पोरासारखा ओरडत होता. पाणी काळसर निळं, मग निळं, मग बेट जवळ आलं तसं हिरवं, आणि जेट्टीपाशी तर रंगच नाही. खांबांच्या बुडाशी फिरणारे पिवळ्या पट्ट्यांचे मासे वरून मोजता येत होते. बाबा, दाऊदचाचा खोटं बोलत नव्हते!

काल अष्टमी. ओहोटी दहाच्या सुमाराला. फोन म्हणत होता तेच, आणि तुम्ही टेप लावून शोधलंत तेच. समुद्र तेलासारखा पडलेला. सुकाणूवर बंगाली नावाडी, कमी बोलणारा. बोट निघाली आणि पाच मिनिटांत खाली प्रवाळाची बाग सुरू झाली. जांभळं, पिवळं, विड्याच्या पानांसारखं, मेंदूसारखं, फुलकोबीसारखं. वर सूर्य, खाली वाळूवर आमच्या बोटीची सावली. सावली स्पष्ट दिसत होती, त्यात आमची तीन डोकीसुद्धा. मी रडत होते आणि हसत होते आणि नीलेशला म्हणत होते, "फोटो काढ, गुरुजींना पाठवायचाय!"

मग बोट प्रवाळाच्या कडेपाशी आली आणि कडा संपली. खालची जमीन एकदम खोल गेली. नावाड्याने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "चालीस फीट." तरीही तळ दिसत होता. लांब खाली, निळ्या काचेच्या मागे असल्यासारखा. एक मोठा मासा त्या उतारावरून सावकाश जात होता.

मला वाटलं होतं, आई खूश होतील. त्यांनी वाकून पाहिलं आणि माझा दंड घट्ट पकडला. नखं रुतली.

"अगो बया. एवढं खोल?"

"हो ना! आणि सगळं दिसतंय बघा."

"आपलं धरमतरच्या बाहेरचं पानी... तेबी एवढंच खोल आसंल?"

नीलेश म्हणाला, "रेवसच्या पुढे, मोठी जहाजं उभी राहतात तिथे, असेलच. थोडं जास्तच."

आईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मना कवा कळलंच नाय. मना वाटायचं, चिखल हाय. रस्त्यासारखा. त्याच्यावरून जातात आनि येतात." त्यांनी पुन्हा खाली पाहिलं. "एवढ्यावर ते उभे ऱ्हायचे गो. चाळीस वर्सं. आनि घरी येऊन इचारायचे, भाजी काय केलीस."

आणि मग त्या रडल्या. तेराव्याला रडल्या नव्हत्या, दवाखान्यातून तुम्हाला आणलं तेव्हाही नाही. नावाडी तोंड फिरवून बसला. त्याने इंजिन सुरू केलं नाही, बोट तशीच तरंगू दिली. बाबा, तुम्ही त्यांना इथे आणायचं ठरवलंत तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं का? मला नाही वाटत. तुम्हाला फक्त गंमत दाखवायची होती. पण गढूळ पाण्याने जे तुमच्या बायकोपासून चाळीस वर्षं झाकून ठेवलं, ते इथल्या पाण्याने एका सकाळी उघडं केलं. मीही त्या पाण्याकडे बघून तुमची माफी मागितली, दिवाळीची. मोठ्याने नाही. आईंना ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी माझ्या दंडावरची पकड सैल केली.

परत आलो तर आई चक्क भुकेल्या होत्या. या घराची मालकीण, आम्ही तिला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणतो, अंगणात दुधी चिरत बसली होती. या बेटावर भाजी फार पिकते. आई तिच्या समोर बसल्या आणि न विचारता विळी आपल्याकडे ओढली. एकीची बंगाली हिंदी आणि दुसरीची पेणची हिंदी, पण दोघींचं छान जमलं. आईंनी तिला सगळं विचारलं, इथे मिरची कधी लावतात, पाऊस कधी लागतो, विहिरीला पाणी किती दिवस पुरतं. मग म्हणाल्या, "बारिश में कैसा रहता हाय इधर?"

बौदी म्हणाली, "बारिश में कोई नहीं आता, दीदी. सब हरा हो जाता है. समुंदर बहुत आवाज करता है. फेरी कभी दो दिन बंद, कभी चार दिन. आदमी फँस जाता है."

आई दुधी चिरत राहिल्या. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग आपन एकदा पावसात येऊ."

मी म्हटलं, "आई, फेरी बंद पडते म्हणतात त्या."

"पडंना का. आठ दिस पडू दे." त्यांनी फोड पाटीत टाकली. "आता मना कोनाची वाट बघायचीय?"

बाबा, तुम्ही असतात तर उठून उभे राहिला असतात. पावसाळ्यात बेटावर कोन जातं गो, वारा किती, लाट किती, असं काहीबाही ओरडला असतात आणि आपले तीन दिवस भांडणात गेले असते. मी ते भांडण मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी करून पाहिलं. कधी तुम्ही जिंकता, कधी आई.

काल तीनच्या सुमाराला भरती चढत आली तेव्हा आई किनाऱ्यावर बसल्या होत्या. नीलेशला वाटलं, आईंना आता भीती वाटेल, म्हणून तो त्यांची प्लास्टिकची खुर्ची मागे घ्यायला गेला. आईंनी त्याला हाताने थांबवलं. साडी पोटरीपर्यंत खोचली, खुर्ची स्वतः उचलली, आणखी चार पावलं पुढे नेऊन पाण्यात ठेवली आणि तिच्यावर आरामात बसल्या.